दोन पाइपांची चूल

औरंगाबादला आठ दिवसांचं शिबिर करून द्वारकाबाई परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर चुलीचा लोखंडी साचा होता. पाचोडच्या स्टँडवर उतरून वाडीपर्यंतची कोसभर वाट तिनं तो डोक्यावर घेऊनच तुडवली. तालुक्यातल्या आणखी दहा-बारा बाया तिच्याबरोबर निर्धूर चूल बांधायला शिकल्या होत्या. त्यातल्या बहुतेकींनी घरी येऊन साचा माळ्यावर टाकून दिला. द्वारकाबाईनं दुसऱ्या दिवशी सकाळीच आपल्या घरची जुनी चूल फोडली.

साल सत्त्याऐंशीचं. वाडीत गॅस कुणाकडंच नव्हता. पहाटे साऱ्या घरांतून धूर निघायचा आणि बाया पदरानं डोळे पुसत भाकरी थापायच्या. द्वारकाबाईच्या नव्या चुलीला पुढं तव्याची जागा होती, मागं दुसऱ्या भांड्यासाठी वैल, आणि वैलाच्या मागून सिमेंटचा पाइप मातीच्या माळवदाच्या वर हातभर गेलेला. तव्यावर भाकरी होईस्तोवर मागं वरण शिजायचं. लाकूड निम्म्यावर आलं. दिवाळीला भिंतीला दिलेला चुना संक्रांतीपर्यंत पांढरा राहिला, तेव्हा शेजारच्या बाया बघायला यायला लागल्या.

मग तिला घरोघरचं बोलावणं यायला लागलं. चूल बांधून झाली की ती तिथंच बसून समजावून सांगायची.

"लाकूड मनगटाएवढं फोडा, उन्हात कडक वाळवा. तोंडात कोंबू नका, दोन-तीनच घाला आन् ती पुरती जळू द्या. वरणावर झाकण ठेवा. मागचा वैल उघडा सोडू नका, काही नसलं तर पाण्याचं पातेलं ठेवा. आन् पंधरा दिवसाला काठीला चिंधी बांधून पाइप झाडा."

एवढं सांगून ती थांबायची नाही. आठवड्यानं पुन्हा जाऊन बघायची. कुणी कपाशीची ओली पऱ्हाटी जाळताना दिसली तर चारचौघींत बोलायची. बाया तिला चूलवाली बाई म्हणायला लागल्या, आणि ते नाव तिला आवडायचं. तिचा नवरा कारभारी कमी बोलणारा माणूस होता. तो तालुक्याहून बैलगाडीतून पाइप आणून द्यायचा, तेवढीच त्याची मदत.

फाल्गुनात तालुक्याच्या सेविकाबाई आल्या. येत्या शुक्रवारी साहेब लोक वाडी बघायला येणार होते. एकूण एक घरात निर्धूर चूल झालेली असली तर पैठणला कार्यक्रमात द्वारकाबाईचा सत्कार करायचं ठरलं होतं. राहिली होती फक्त धनगरांची तीन घरं, गायरानाच्या कडेला, तिन्ही गवती छपरांची.

कारभारी तीन चुलींचे नऊ पाइप आणायला गेला. येताना ओढ्यात गाडीचं चाक दगडावरून घसरलं आणि तीन पाइप फुटले. उरले सहा. शुक्रवारला दोन दिवस होते आणि तालुक्याच्या गोदामात आणखी पाइप शिल्लक नव्हते.

द्वारकाबाईनं तिन्ही घरी दोन-दोन पाइप लावले.

शेवटचं घर बिरूचं. बिरू मेंढरं घेऊन रानात गेलेला होता. घरी त्याची बायको दगडाबाई, कडेवर वर्षाचं लेकरू, आणि सासू सारजाबाई. सारजाबाई पोलीस ॲक्शनच्या साली लग्न होऊन या वाडीत आलेली, आता डोळ्यांनी अधू. दगडाबाईनं तळ्याची माती आणून, शेण आणि भुसा घालून, चार दिवस भिजवून ठेवली होती. वाडीत कुणीच एवढी चांगली माती मळली नव्हती. द्वारकाबाईनं हात घालताच तिला ते कळलं. चूल सुरेख बसली.

मग पाइप उभा केला. दोन पाइप एकावर एक बसवले तर वरचं टोक गवतापर्यंत जेमतेम पोचत होतं. शिबिरात शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट सगळ्यांकडून दोनदा म्हणून घेतली होती. गवती छपरातून पाइप हातभर वर गेलाच पाहिजे, आणि त्याच्या भोवतीचं गवत वीतभर कापून तिथं पत्रा आणि माती भरली पाहिजे. ते करायला छपरावर चढणारा माणूस हवा होता आणि तिसरा पाइप हवा होता. द्वारकाबाईनं आतूनच गवत बाजूला सारलं, टोक बाहेर काढलं आणि वर टोपी बसवली. चार बोटं काय ती गवताच्या वर दिसत होती.

दगडाबाई बाहेर जाऊन बघून आली. "आक्का, तुमचा पाइप तर लई वर गेलाय. हा एवढासाच कामून?"

"तुमचं छप्पर ठेंगणं हाय. एवढ्यावर चालतंय," द्वारकाबाई म्हणाली.

"मंग बरं," दगडाबाई म्हणाली आणि हात धुवायला पाणी घेऊन आली.

नवे पाइप आले की तिसरा बसवू, असं द्वारकाबाईनं मनाशी ठरवलं होतं. शुक्रवारी साहेब आले, चावडीजवळची दोन घरं बघितली, चहा घेतला आणि गेले. धनगरांच्या घरांकडं कुणी फिरकलंसुद्धा नाही. पैठणला तिचा सत्कार झाला, नारळ आणि खण मिळाला, फोटोही निघाला. पंधरा दिवसांनी गोदामात पाइप आल्याचा निरोप आला. तेव्हा हरभऱ्याची खळी चालू होती. मग भाच्याचं लग्न निघालं. विसरली, असं तिला म्हणता आलं असतं, पण ती विसरली नव्हती. गायरानाच्या वाटेनं जाताना ते छप्पर दिसलं की ती मान दुसरीकडं वळवायची.

वैशाखात, दुपारी, आग लागली.

दगडाबाई भाकरी करत होती. बाहेर वारं सुटलेलं. आधी तिला वर तडतड ऐकू आली आणि बघते तो पाइपाभोवतीचं गवत पेटलेलं. तिनं लेकराला उचललं, दुसऱ्या हातानं सासूला ओढत बाहेर आणलं. तेवढ्यात अर्धं छप्पर पेटलं होतं. आतल्या कोपऱ्यात चार कोकरं डाल्याखाली झाकून ठेवली होती. त्यांच्यापर्यंत तिला जाता आलं नाही.

सारी वाडी घागरी घेऊन धावली. द्वारकाबाईही धावली. विहिरीपासून छपरापर्यंत तिनं किती खेपा केल्या त्याची मोजदाद नव्हती. आग विझली तेव्हा चार काळ्या मेढी उरल्या होत्या, जळालेल्या ज्वारीचा वास येत होता, विकायला विणून ठेवलेल्या घोंगड्यांचा एक धुमसता ढीग होता. चूल मात्र शाबूत होती. तिच्यामागं दोन पाइप आगीनं तडकले होते, तरी सरळ उभे होते. आता वर छप्पर नव्हतं, त्यामुळं ते किती आखूड आहेत हे लांबूनही दिसत होतं. द्वारकाबाईला दिसलं. दुसऱ्या कुणाचं तिकडं लक्ष गेलं नाही.

बिरू रानातून पळत आला. जळालेल्या डाल्यापाशी तो उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही.

सारजाबाई बांधाला टेकून बसली होती. "रोज सांगत व्हते, पऱ्हाट्या कोंबू नको, कोंबू नको," ती म्हणाली. "ऐकती कुठं?"

"मी दोनच घातल्या व्हत्या, आत्याबाई," दगडाबाई म्हणाली.

"दोन पऱ्हाट्यांनी घर जळतं व्हय?"

जमलेल्या माणसांनी माना हलवल्या. बिरू उठून द्वारकाबाईसमोर आला. त्याचा चेहरा राखेनं माखलेला होता. "आक्का, तुम्ही शिकून आल्या. तुम्हीच सांगा. जाळ जास्ती झाला म्हणूनच झालं ना हे?"

सगळे तिच्याकडं बघत होते. दगडाबाईही बघत होती, लेकराला छातीशी धरून, आपल्या बाजूनं कुणीतरी बोलेल या आशेनं.

"जाळ बेतानंच घालावा लागतो, बिरूदादा," द्वारकाबाई म्हणाली.

त्यात खोटं काहीच नव्हतं. घरोघरी ती हेच सांगत आली होती. पण ते ऐकून दगडाबाईची मान खाली गेली, आणि ती खाली गेलेली मान द्वारकाबाईनं पाहिली.

त्या रात्री ती जेवली नाही. डोक्यात धूर भरलाय, असं सांगून भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. सकाळी उठून बोलू, असं तिनं ठरवलं. सकाळी वाटलं, आता आठ दिवस जाऊ द्यावेत. आठ दिवसांनी वाटलं, आता एवढ्या दिवसांनी सांगायचं तर आधी का नाही सांगितलं, हे पण सांगावं लागेल. दिवस जातील तसं सांगणं जड व्हायला लागलं. चूल बांधायला बोलावणं आलं की ती काहीतरी निमित्त काढायची.

महिना झाला असेल. एके दिवशी भर उन्हात दगडाबाई तिच्या दारात येऊन उभी राहिली. धनगरांच्या तीन घरांतल्या शेजारच्या चतुराबाईच्या ओसरीवर त्यांचं बिऱ्हाड होतं, तिथून आली होती.

"आक्का, काम हाय थोडं."

"ये की, बस."

ती बसली नाही. "तुम्ही एवढी चांगली चूल घालून दिली, आन् मह्या हातानं घर जळालं. लई वाईट वाटतं. तुमचं नाव खराब झालं." मग थोडं थांबून म्हणाली, "मला एकदा जाळ घालायला शिकवा. नीट. आत्याबाई मला चुलीपाशी बसू देत नाय. आंधळेपणानं चाचपडत तीन दगडांवर त्याच भाकरी करत्यात. हात पोळून घेतलाय त्यांनी. घरात कुणी मह्याशी बोलत नाय, मी पण कुणाला काय बोलणार? कसूर महाच."

द्वारकाबाईला खरं तर तेव्हाच बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "ये, बस चुलीपाशी."

आणि तिनं शिकवलं. तुराटीच्या काडीनं पेटवलं, बाभळीची दोन बारीक लाकडं घातली, हवा जायला मधे जागा ठेवली. दगडाबाई एकेक लाकूड हातात घेऊन विचारत होती, "एवढं चालंल? हे जास्ती तर नाय?" आत सरकवलेलं लाकूड ती पुन्हा बाहेर ओढून घ्यायची. आधी तिचा हात कसा चालायचा ते द्वारकाबाईनं पाहिलं होतं. अख्ख्या वाडीत तिच्यासारखी माती कुणी मळली नव्हती. मधेच दगडाबाईनं मान वर करून माळवदाकडं बघितलं. वर काही पेटलं नाही ना, हे बघत होती.

जाताना ती पायाला हात लावायला वाकली. द्वारकाबाई पटकन मागं सरली.

दिवेलागणीला कारभारी शेतातून आला. द्वारकाबाईनं त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बिरूच्या घरची आग मह्यामुळं लागली. पाइप आखूड व्हता."

कारभारीनं भाकरी मोडली. "ठाव हाय मला. फुटलेले पाइप मीच ओढ्यात टाकले की."

"मंग बोललात कामून नाय?"

"मी काय बोलणार? चूल तू बांधली." त्यानं घास तोंडात घातला, चावून गिळला. "तू कवा बोलतीस, ते बघत व्हतो."

म्हणजे महिनाभर हा माणूस रोज तिच्या हातचं जेवत होता आणि रोज बघत होता. आपल्याला कुणी पाहिलेलं नाही, एवढ्या एका आधारावर तिनं तो महिना काढला होता. तो आधारही आता गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गायरानाकडं गेली. बिरू आणि त्याचे दोन भाऊबंद नव्या छपराच्या मेढी रोवत होते. सारजाबाई सावलीत बसून लेकराला खेळवत होती. चतुराबाई अंगण झाडत होती. दगडाबाई गवताच्या पेंढ्या उचलून देत होती.

"बिरूदादा, एक सांगायचं हाय," द्वारकाबाई म्हणाली. "सगळ्यांसमोरच सांगते. आग दगडाबाईच्या जाळानं नाय लागली. छपरात तीन पाइप लागत्यात. मह्याजवळ दोनच व्हते, तर मी दोनावरच काम भागवलं. गवत कापून माती भरायची असती, ती पण भरली नाय. साहेब यायचे व्हते म्हणून घाई केली. ठिणगी सरळ गवतात गेली. आन् त्या दिवशी तुम्ही मला विचारलं, तवा मला हे सारं ठाव व्हतं."

बिरूच्या हातात सुतळी होती. अर्धी बांधलेली गाठ त्यानं पुरी केली, ओढून बघितली, मग सुतळी खाली ठेवली.

दगडाबाई पुढं आली. "मी विचारलं व्हतं तुम्हाला. एवढासाच कामून म्हणून."

"व्हय. विचारलं व्हतंस."

"तुम्ही म्हणल्या, चालतंय."

"व्हय."

"काल मी तुमच्या घरी आले. चुलीपाशी बसले."

"व्हय," द्वारकाबाई म्हणाली.

दगडाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं तोंड फिरवलं आणि नवऱ्याकडं बघितलं, नंतर सासूकडं. ती वाट बघत होती. बिरूला मान वर करता आली नाही. सारजाबाई लेकराच्या अंगावरचं झबलं उगाच सारखं करत बसली. तशी दगडाबाईनं घागर उचलली आणि विहिरीकडं निघून गेली. घागर भरायला लागतो त्याहून पुष्कळ वेळ ती आली नाही.

"जा आता तुम्ही, आक्का," शेवटी बिरू म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मला जरा बसू द्या."

पण द्वारकाबाईला लगेच जाता येत नव्हतं, कारण चतुराबाईच्या आणि तिसऱ्या घरच्या छपरातही दोनच पाइप होते. तिनं चतुराबाईला चूल पेटवू नका म्हणून सांगितलं. घरी येऊन कारभारीला माळवदावर चढवलं आणि आपल्या चुलीचे वरचे दोन पाइप उतरवून घेतले. त्यातला एक चतुराबाईकडं लावला, एक तिसऱ्या घरी. कारभारीनं दोन्ही छपरांवर चढून गवत कापलं, पत्रा ठोकला, माती भरली. पावसाळा तोंडावर होता आणि गोदामात मधे आलेले पाइप संपले होते, नवे दिवाळीशिवाय येणार नव्हते. तोवर द्वारकाबाईच्या घरात धूर कोंडायला लागला. दोन महिन्यांत भिंत काळी झाली. पदरानं डोळे पुसत ती भाकरी थापायची.

बिरूला तिनं आपल्या बांधावरची बाभळीची लाकडं आणि कडबा दिला, तो त्यानं घेतला. आपल्या शेळीची दोन करडं घेऊन ती गेली, ती त्यानं परत पाठवली. "कोकरं कोकरं असत्यात आन् करडं करडं," एवढाच निरोप आला.

वाडीत बोभाटा झाला. काही बाया म्हणाल्या, चुकतं माणसाच्या हातून, कबूल तर केलं. काही म्हणाल्या, महिनाभर त्या पोरीला जळू दिलं की. या दुसऱ्या बायांचं बोलणं तिला जास्त खरं वाटायचं. तिला चूलवाली बाई म्हणणं आपोआप बंद झालं. पुढं कुणी चूल बांधायला बोलावलंच तर घरातलं माणूस आधी बाहेर येऊन पाइप मोजायचं. ती मुकाट्यानं उभी राहून मोजू द्यायची.

दसऱ्याच्या सुमारास चतुराबाई साचा मागायला आली. कुणाला पाहिजे, हे तिनं सांगितलं नाही आणि द्वारकाबाईनं विचारलं नाही. चार दिवसांनी तिच्या कानावर आलं की जुनी चूल फोडून दगडाबाईनं स्वतःच नवी घातली आहे. दिवाळीला पाइप आले तेव्हा कारभारीनं तीन पाइप तिकडं पोचवले. द्वारकाबाई त्याच्याबरोबर गेली, पण अंगणाच्या कडेलाच थांबली.

तिथूनही आतलं दिसत होतं. चूल चांगली जमली होती. माती कुठं तडकलेली नव्हती. तव्याच्या जागेकडून वैलाकडं जाणारा बोगदा बरोबर चढता काढला होता. बिरू छपरावर चढला होता आणि आत पाइप उभा धरायला माणूस कमी पडत होतं. दगडाबाईनं दारातून बाहेर बघितलं.

"आक्का, धरा जरा," ती म्हणाली.

द्वारकाबाई आत गेली आणि दोन्ही हातांनी पाइप धरून उभी राहिली. वरून माती सांडत होती, डोळ्यांत जात होती, पण तिनं हात सोडला नाही. वर बिरूनं गवत कापलं, पत्रा बसवला, माती ठोकून भरली. त्या सगळ्या वेळात दगडाबाई तिच्याशी एवढंच बोलली, "थोडं डावीकडं," आणि "हं, आता सोडा." मग तिनं चूल पेटवली. आत न थांबता ती बाहेर जाऊन छपराकडं बघत उभी राहिली. बराच वेळ बघितल्यावर आत आली आणि चहा टाकला. सगळ्यांना दिला, तसा द्वारकाबाईलाही दिला.

पुढच्या वर्षी सेविकाबाई वैजापूरकडच्या बायांना चुली दाखवायला घेऊन आल्या. त्या वेळेपासून कुणीही बघायला आलं की द्वारकाबाई त्यांना आधी बिरूच्या घरी न्यायची, कारण वाडीत तीच चूल सगळ्यांत चांगली होती. अंगणात उभी राहून ती सांगायची, इथं मी दोनच पाइप लावले होते आणि काय झालं, आणि विचारल्यावर मी काय बोलले. एवढं कशाला सांगता, असं एकदा सेविकाबाईही म्हणाल्या. तरी ती सांगायची. दगडाबाई कधी दारात उभी राहून ऐकायची, कधी ऐकून न ऐकल्यासारखं करून मेंढरांना पाला टाकायला निघून जायची. ती निघून गेली की द्वारकाबाईला सांगणं सोपं जायचं, आणि सोपं जातंय हे ध्यानात आलं की तिला पुन्हा लाज वाटायची.